न विचारता बोलणारा सोबती



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही हवाई तळांवर पंचेचाळीस फूट उंचीचे मनोरे उभे राहिले. आत अंधार, वरच्या घुमटात दिव्यांचे तारे, आणि त्यांच्याखाली बाँबर विमानाची नक्कल. तिच्यात वैमानिक, नॅव्हिगेटर आणि बाँब टाकणारा असे सगळे आपापल्या जागी बसत. वेळ आणि ठिकाण बदलेल तसे तारे सरकत, नॅव्हिगेटर सेक्स्टंटनं त्यांचा वेध घेई, हिशेब मांडी, वैमानिकाला दिशा सांगे. रात्रभर उडून विमान जागच्या जागीच असे. अमेरिकेच्या एडविन लिंकनं दिशाशास्त्रातले जाणकार नौदल अधिकारी वीम्स यांच्या साथीनं हे यंत्र घडवलं. आकाश खोटं होतं, विमान खोटं होतं, अंतरही खोटं होतं. एकमेकांशी बोलणारी माणसं मात्र खरी होती.

आता त्या माणसांच्याही जागी नक्कल आली आहे. लष्करी विमानाच्या चमूला शिकवताना सहकाऱ्याच्या खुर्चीत माणसाऐवजी संगणकाचा प्रोग्रॅम बसवावा का, बसवला तर शिकणाऱ्यांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेनं पाहावं, आणि ज्यांना तो नको वाटतो त्यांचं म्हणणं किती गांभीर्यानं घ्यावं, हा माझा आजचा विषय आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक आहे, वैमानिक नाही. पण हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या हवाई दलाचं प्रमुख लढाऊ विमान सुखोई-३० एमकेआय नाशिकजवळ ओझरला तयार झालं, पुण्याच्या लोहगाव तळावरून ते उडतं, आणि त्यात दोघं बसतात. इथे बसलेल्यांपैकी कुणाची मुलं खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत शिकत असतील. त्यांच्यातला एखादा उद्या त्या दोन खुर्च्यांपैकी एकीत असेल. शेजारच्या माणसाशी कसं वागायचं हे तो कुणाबरोबर शिकणार, याची काळजी आपण करायला हवी.

थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण आजच्या वादाची मुळं तिथे आहेत. लिंकच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. तिथल्याच भात्यांच्या आणि हवेच्या झडपांच्या जोरावर लिंकनं १९२९ साली आपलं पहिलं नकली विमान हलवून दाखवलं. लष्कराला त्यात रस नव्हता, म्हणून ते करमणुकीच्या बागांमध्ये विकलं गेलं. १९३४ च्या फेब्रुवारीत रूझवेल्ट सरकारनं खाजगी कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द केली आणि टपाल वाहण्याचं काम लष्करी वैमानिकांवर टाकलं. रात्री आणि धुक्यात नुसती उपकरणं पाहून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही महिन्यांत बारा जण गेले. मग लष्करानं लिंककडून सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरला. महायुद्ध संपेपर्यंत दोस्तांच्या सुमारे पाच लाख हवाई सैनिकांचं शिक्षण लिंकच्या यंत्रांवर झालं होतं.

या कथेतून हवाई दलांनी घेतलेला धडा अर्धाच बरोबर होता, असं मला वाटतं. नव्या सिम्युलेटरला विरोध करणारा जुन्या वळणाचा, आणि त्याच्या हट्टापायी जीव जातात, असं समीकरण त्यांनी मनात पक्कं केलं. १९३४ मध्ये ते खरं होतं. आज नकली साथीदाराबद्दल जे वैमानिक कुरकुरतात त्यांनाही याच समीकरणात बसवलं जातं, आणि तिथे आपली चूक होते.

मधल्या काळात माणसाविना उडणाऱ्या संगणकी विमानांची नक्कल आली, आणि तिला फारसा विरोध झाला नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकी सैन्याचा एक मोठा संगणकी युद्धसराव झाला. त्यात मिशिगन विद्यापीठात जॉन लेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या टॅकएअर-सोअर या प्रोग्रॅमनं अठ्ठेचाळीस तासांत अमेरिकी बाजूच्या लढाऊ आणि इतर विमानांची ७२२ उड्डाणं सांभाळली. त्या प्रोग्रॅमच्या पोटात पाच हजारांहून जास्त नियम होते. त्यातली विमानं आघाडीचा आणि जोडीचा अशी रचना धरून उडत, नियंत्रकाशी नकली रेडिओवर बोलत, हुकूम बदलला की मोहीम बदलत. पुढच्या प्रश्नाचं बीज इथेच पडलं. कारण जो प्रोग्रॅम अख्खं विमान सांभाळू शकतो, तो माणसाचा जोडीदारही होऊ शकेल, असं कुणालाही सुचणारच.

आणि हे सुचण्यामागे खरी अडचण होती, ती मी कमी लेखणार नाही. चमूचा सराव करायचा तर अख्खा चमू एका वेळी हजर लागतो. एक सुटीवर, एक वैद्यकीय तपासणीला, एक दुसऱ्या तळावर, की सराव अडला. बहुतेक ठिकाणी मग प्रशिक्षकच रिकाम्या जागा भरतो. तो एका हातानं नियंत्रक होतो, दुसऱ्या क्षणी जोडीच्या विमानाचा वैमानिक होतो, मग हवेत इंधन देणाऱ्या टँकरचा आवाज होतो. हे सगळे आवाज काढत असताना विद्यार्थ्याकडे पाहायला त्याला वेळ उरत नाही. ज्यानं निरखायचं तोच नट झालेला असतो. संगणकी साथीदारानं त्याची या कामातून सुटका केली आणि तो शांतपणे मागे उभं राहून विद्यार्थ्याला पाहू शकला, तर हा मोठाच फायदा आहे. संगणकी साथीदार पहाटे तीनला तयार असतो, तोच प्रसंग वीस वेळा न कंटाळता करतो, नवशिक्याच्या चुकीवर डोळे वटारत नाही. बुजऱ्या विद्यार्थ्याला रेडिओवरची ठरीव बोली तोंडात बसेपर्यंत असाच साथीदार हवा. हे मी मनापासून म्हणतो.

मग कुरकुर कशाची? या क्षेत्रातली माणसं मोकळेपणानं बोलू लागली की दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली अशी की तो चुकत नाही, दमत नाही, गोंधळत नाही, म्हणून त्याच्याबरोबर उडण्यात खरं काहीच नाही. दुसरी तक्रार जास्त बारकाईची आहे. चार सरावांत विद्यार्थी ओळखतो की हा प्रोग्रॅम कशाला कसं उत्तर देतो, आणि मग तो मोहीम शिकायची सोडून प्रोग्रॅम शिकतो. गुण चांगले मिळतात, विद्या येत नाही.

याच्या उलट टोकाला सगळं चटकन मान्य करणारी तरुण मंडळी आहेत. लहानपणापासून खेळात संगणकी भिडू घेऊन लढलेल्यांना याचं काहीच वाटत नाही. विद्यार्थ्यांनी साथीदार स्वीकारावा म्हणून सगळेच धडपडतात. तो सहज स्वीकारला जाण्याचीच मला जास्त चिंता वाटते. ती का वाटते, हे एका प्रयोगाच्या आधारानं सांगतो. आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात नॅन्सी कुक आणि त्यांचे सहकारी, अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांबरोबर, अनेक वर्षं एका तीनजणी चमूचा अभ्यास करत आले. काम असं, की चालकरहित विमान जमिनीवरून नियंत्रित करायचं आणि ठरलेल्या ठिकाणांचे फोटो काढायचे. एक वैमानिक, एक मार्ग ठरवणारा, एक कॅमेरा सांभाळणारा. तिघं एकमेकांना टंकलेल्या संदेशांनी बोलतात. मार्ग ठरवणाऱ्याला पुढच्या ठिकाणाची उंचीची आणि वेगाची मर्यादा ठाऊक असते, ती त्यानं वैमानिकाला सांगायची. वैमानिकानं कॅमेरावाल्याशी घासाघीस करून फोटोला चालेल अशी उंची आणि वेग ठरवायचा. फोटो चांगला आला की कॅमेरावाल्यानं तसं कळवायचं, म्हणजे पुढे जाता येतं. गुंता फारसा नाही, पण कुणी एक गप्प राहिला की तिघं अडतात.

यातल्या वैमानिकाच्या जागी संशोधकांनी प्रोग्रॅम बसवला. कार्नेगी मेलनच्या जॉन अँडरसन यांनी माणसाच्या विचारप्रक्रियेचा जो संगणकी आराखडा मांडला आहे, त्यावर हा साथीदार उभा होता. तीन प्रकारचे चमू केले. काहींत वैमानिक संगणकी, काहींत तो इतरांसारखाच नवखा माणूस, आणि काहींत प्रयोगशाळेतला मुरलेला माणूस, ज्याला कुणाला कधी काय विचारावं आणि सांगावं हे नेमकं माहीत होतं. चाळीस-चाळीस मिनिटांच्या पाच मोहिमा.

संगणकी वैमानिकाचे चमू एकूण कामगिरीत नवख्या माणसांच्या चमूंच्या बरोबरीला आले. संशोधक एवढ्यावर थांबले असते तर अहवालात यश असंच लिहिलं गेलं असतं. पण त्यांनी संदेशांची तपासणी केली. संदेश दोन प्रकारचे असतात. एक मागून मिळालेली माहिती: उंची किती ठेवू, फोटो आला का. दुसरी न मागता दिलेली: पुढच्या ठिकाणी वेग कमी लागेल, आत्ताच सांगून ठेवतो. चांगल्या चमूत दुसऱ्या प्रकारचं प्रमाण वाढत जातं, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आधी दिसू लागते. संगणकी वैमानिक न मागता फारसं काही देत नव्हता. आणि त्याच्याबरोबरच्या माणसांनीही न मागता द्यायचं कमी केलं. प्रोग्रॅमची सवय माणसांना लागली. त्या चमूंचा समन्वय ताठर झाला. काही अनपेक्षित घडलं की वळायला त्याला जागा नव्हती. मुरलेल्या माणसाचे चमू मात्र सगळ्यांहून चपळ राहिले.

हा निष्कर्ष प्रशिक्षणाच्या डोळ्यांनी वाचायला हवा. आपण विचारत बसतो की विद्यार्थी संगणकी साथीदारावर विश्वास ठेवेल का. इथे दिसलं ते असं, की विश्वास असो वा नसो, तो साथीदारासारखा होतो. संगणकाला काही सांगावं लागत नाही, त्याला दिसतंच, अशा समजुतीनं तो गप्प राहायला शिकतो. आणि ही शिकवण सिम्युलेटरमधून बाहेर पडताना दारात उतरवून ठेवता येत नाही. ती खऱ्या विमानात, खऱ्या जोडीदाराच्या शेजारी जाऊन बसते.

आपल्याकडे गाणाऱ्यांना हे सहज कळेल. तालमाला लावून रियाज सगळे करतात, आणि करावाच. लय पक्की होते. पण ज्यानं वर्षानुवर्षं फक्त यंत्रावरच रियाज केला, तो मैफलीत तबलजीकडे पाहत नाही. सम चुकत नाही त्याची, पण तबलजीनं पुढे केलेलं काही त्याला ऐकू येत नाही.

न विचारता बोलण्याचं मोल विमानात काय असतं, याचे दाखले भयानक आहेत. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धावू लागलेल्या केएलएमच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती, की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नसेल ना. कॅप्टननं ती बाजूला सारली. रेडिओवरचे शब्द सगळ्यांच्याच कानांवर पडले होते. त्यांतून भीती फक्त इंजिनिअरच्या मनात उभी राहिली. त्यानंतरच्या वर्षांत, विशेषतः १९७९ च्या नासाच्या चर्चासत्रापासून, चमूतल्या संवादाचं शिक्षण हे विमानविद्येचं स्वतंत्र अंग झालं. ऐकणं शिकवायचं, आणि त्याहून आधी कनिष्ठाला बोलायला शिकवायचं. संगणकी साथीदाराला अशी शंका येणार नाही असं मी म्हणत नाही; उद्या येईलही. प्रश्न असा, की त्याच्याशेजारी घडलेल्या मुलाला ती बोलून दाखवायची सवय लागेल का.

दुसरा दाखला लष्करातला. २४ जून १९९४ ला अमेरिकेत फेअरचाइल्ड तळावर प्रदर्शनाच्या सरावात एक बी-५२ कोसळलं आणि आतले चारही अधिकारी मेले. ते चालवणारा वैमानिक बेदरकार उडतो हे तळावर सर्वांना ठाऊक होतं. स्क्वाड्रनप्रमुख मॅकगीहन यांनी त्याला उड्डाणापासून दूर ठेवा अशी मागणी केली होती. ती फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपल्या माणसांना त्याच्याबरोबर एकटं पाठवायचं नाही, पाठवायचं तर सोबत आपण स्वतः बसायचं. त्या दिवशी ते सहवैमानिकाच्या खुर्चीत होते. हा प्रसंग वाचताना माझं मन दरवेळी एका गोष्टीपाशी अडखळतं. मॅकगीहन यांच्यासारखी माणसं आपल्या सोबत्याबद्दल मत बनवतात, ते उघड बोलतात, आणि त्यासाठी स्वतःचा जीवही पणाला लावतात. चमूची ही नैतिक बाजू आहे. संगणकी साथीदार कुणाबरोबरही उडतो. तो नकार देत नाही, आणि तुम्ही वाईट वागलात तरी दुसऱ्या दिवशी तसाच हजर असतो. त्याच्यासमोर वाईट वागण्याची किंमत शून्य. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हुकूम द्यायची सवय लावताना ही किंमत शून्य असणं मला धोक्याचं वाटतं.

आता यावर कुणी म्हणेल की तुम्ही जुन्या प्रोग्रॅमबद्दल बोलता, यंत्रं पुढे गेली. गेली, हे खरंच. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा संस्थेनं भरवलेल्या नकली हवाई झुंजीत हेरॉन सिस्टिम्सच्या प्रोग्रॅमनं अनुभवी एफ-१६ वैमानिकाला पाच-शून्य हरवलं. २०२३ मध्ये एक्स-६२ए या प्रायोगिक विमानात असे प्रोग्रॅम खऱ्या आकाशात एफ-१६ समोर उतरले. पण २०२० च्या त्या झुंजीनंतर वैमानिकांनी काय आक्षेप घेतला ते पाहा. प्रोग्रॅम समोरासमोर येऊन तोफेचा मारा करत होता, आणि टक्कर टाळण्यासाठी सरावात माणसांना तसं करायला बंदी असते. प्रतिस्पर्ध्याबद्दल हा आक्षेप पराभूताची सबब वाटू शकतो. जोडीदार म्हणून विचार करा. माझ्या बाजूचा सोबती कोणती मर्यादा पाळेल हे मला ठाऊक नसेल, तर तो कितीही निष्णात असो, मी त्याच्याजवळ उडू शकणार नाही. डार्पाच्याच कार्यक्रमात आयोवा विद्यापीठाच्या जेट विमानात वैमानिकाच्या शरीराची मोजमापं घेऊन त्याचा प्रोग्रॅमवर किती भरवसा आहे हे तपासलं गेलं, याचा मला आनंद वाटतो. निदान हा प्रश्न मोजण्यालायक मानला गेला.

यंत्र पुढे गेलं म्हणून माझी चिंता संपत नाही, पण तिचं रूप बदलतं, आणि त्यात आशाही आहे. ॲरिझोनाच्या प्रयोगातला तिसऱ्या प्रकारचा चमू आठवा. तिथल्या मुरलेल्या माणसानं भाषण दिलं नव्हतं. योग्य वेळी योग्य माणसाला विचारून आणि सांगून त्यानं आजूबाजूच्या दोघांना तसंच वागायला लावलं. म्हणजे सवय दोन्ही दिशांनी लागते. गप्प प्रोग्रॅम माणसांना गप्प करतो, तर नीट बोलणारा प्रोग्रॅम त्यांना बोलतं करू शकेल. म्हणून मी या साथीदारांच्या विरोधात नाही. ते आजच्याहून वेगळे घडवावेत असं माझं म्हणणं आहे. निर्दोष सोबती प्रशिक्षणात निरुपयोगी आहे. त्यानं कधी उंचीचा आकडा चुकीचा ऐकावा, कामाच्या ओझ्याखाली उशिरा उत्तर द्यावं, विद्यार्थ्याच्या चुकीच्या हुकमाला एकदा हरकत घ्यावी, आणि विद्यार्थ्यानं वेळेवर काही सांगितलं नाही तर त्याचा फटका मोहिमेला बसू द्यावा. आज असा प्रोग्रॅम विकत घेताना तो किती अचूक आहे हे विचारलं जातं. चमूच्या शिक्षणासाठी तो मोक्याच्या जागी चुकतो का, हे विचारायला हवं.

कुरकुरणाऱ्या वैमानिकांना मी यासाठीच मान देतो. तो चुकत नाही म्हणून तो खरा नाही, ही त्यांची तक्रार ऐकताना हट्टासारखी वाटते. प्रत्यक्षात ती या साथीदाराच्या बांधणीतला सर्वांत मोठा दोष दाखवणारी तज्ज्ञांची टिप्पणी आहे. ती विरोध म्हणून नोंदवली गेली की वाया जाते. बांधणाऱ्यांच्या टेबलावर पोचली की उपयोगी पडते.

आपल्याकडे ही वेळ आताच का महत्त्वाची, तेही सांगतो. ८ ऑक्टोबर २०२२ ला, हवाई दल दिनी, तत्कालीन हवाई दलप्रमुख, मूळचे आपल्या नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी यांनी नव्या वेपन सिस्टिम शाखेची घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर प्रथमच हवाई दलात अशी लढाऊ शाखा निघाली. जमिनीवरची क्षेपणास्त्रं, दूरनियंत्रित विमानं आणि दोन किंवा जास्त माणसांच्या विमानांतली शस्त्रप्रणाली सांभाळणारे अधिकारी त्यात घडतील. २०२४ मध्ये हैदराबादला बेगमपेट इथे त्यांची शाळा सुरू झाली. दुसरीकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं २०२१ च्या एअरो इंडियात कॅट्स वॉरियर या, तेजससोबत उडायच्या मानवरहित जोडीदाराचा नमुना मांडला. म्हणजे या अधिकाऱ्यांना उद्या दोन्ही प्रकारचे सोबती सांभाळायचे आहेत, शेजारचा माणूसही आणि बाजूनं उडणारं यंत्रही. नव्या शाखेला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. तिला त्या पहिल्यांदाच लावायच्या असतात.

अशा शाळांमध्ये दोन गोष्टी व्हाव्यात असं मला वाटतं. संगणकी साथीदाराबरोबरच्या प्रत्येक सरावानंतर, डीब्रीफिंगमध्ये, मोहीम फत्ते झाली का याच्याबरोबर विद्यार्थ्यानं किती माहिती न विचारता दिली आणि त्यातली किती वेळेत दिली, याचीही मोजणी व्हावी. संदेश नोंदलेले असतातच, ते मोजायला वेगळी यंत्रणा लागत नाही. आणि संगणकी साथीदारानंतर विद्यार्थ्याला माणसाबरोबर बसवताना पहिल्या काही उड्डाणांत प्रशिक्षकानं याच एका गोष्टीवर नजर ठेवावी, तो बोलतो की वाट पाहतो यावर. वाट पाहत असेल तर त्याला पुन्हा सिम्युलेटरमध्ये न्यावं, पण या वेळी दुसऱ्या खुर्चीत माणूस बसवून.